"यू मपेट!" म्हटलं तर रागवायचं का? सौम्य ब्रिटिश शिव्यांचं व्यवहारज्ञान

वेस्ट यॉर्कशायरमधल्या एका गावात मी फार्मासिस्ट म्हणून लागले. दुसऱ्याच आठवड्यात काउंटरवर एका आजोबांच्या हातात भलत्याच गिऱ्हाइकाची पिशवी दिली. त्यांनी पिशवीवरचं नाव वाचलं, ती माझ्याकडे परत सरकवली आणि म्हणाले, "यू डॅफ्ट एपथ!" दुसरा शब्द मला कळलाच नाही. पहिला घरी जाऊन शब्दकोशात पाहिला, तर अर्थ मूर्ख. रात्री झोप लागेना. चूक माझीच होती, पण मूर्ख म्हणावं?

त्याच आठवड्यात आमच्या वरिष्ठ बाईंना मी औषधांची कपाटं लावायची नवी पद्धत दाखवली. त्यांनी मान तिरकी केली आणि म्हणाल्या, "हाऊ इंटरेस्टिंग." मी खूश. सोमवारी आले तर कपाटं होती तशी पुन्हा लावलेली.

आजोबांनी पुढच्या महिन्यात परसातल्या रुबार्बची जुडी आणून दिली. बाईंनी नंतर मला एकही सूचना विचारली नाही. तेव्हा लक्षात आलं की शब्दकोश अर्थ सांगतो, वजन सांगत नाही. ब्रिटनमध्ये राहायला, शिकायला येणाऱ्यांना किंवा पुण्यात बसून रोज तिथल्या लोकांशी कॉलवर बोलणाऱ्यांना उपयोगी पडेल ते हे वजनच. गेली काही वर्षं काउंटरवर उभी राहून जे कानावर पडलं, ते इथे क्रमानं सांगते.

पहिली पायरी: अर्थ सोडा, वजन बघा

हे आपल्याला नवीन नाही. मालवणातली आजी नातवाला "मेल्या, जेवलंस काय?" म्हणते, तेव्हा त्याच्या मरणाशी तिचा काही संबंध नसतो. कोल्हापुरात "खुळ्या" ऐकून कोणी पंचनामा करत नाही. "च्यायला" तर कुठून निघालं हे आठवूही नये असं आहे, पण आता ते इतकं झिजलंय की चहा सांडला तरी तोंडातून निघतं. इंग्रजांचे हे शब्द असेच झिजलेले आहेत.

मी ते तीन ढिगांत टाकते. पहिला ढीग लाडाचा. त्यात सिली सॉसेज, सिली बिली, ट्विट, डॅफ्ट, नंप्टी, मपेट, वॉली हे शब्द येतात. हे लहान मुलांसमोर, सासूसमोर, चर्चच्या चहापानालाही चालतात. दुसऱ्या ढिगाला थोडी धार आहे: प्लाँकर, प्रॅट, पिलक, बर्क, ट्वर्प, वॅझक, गिट. मित्र मित्राला म्हणेल, अनोळखी माणसाला म्हटलं तर भांडण सुरू झालं असं समजावं. तिसऱ्या ढिगात टॉसर, वँकर, नॉब, ट्वॅट आणि त्यांची भावंडं. हे शब्द पब्जमध्ये इतके सहज ऐकू येतात की नवख्याला तेही सौम्यच वाटतात. ते सौम्य नाहीत. ते समजून घ्या, पण तोंडात घेऊ नका.

हे वजन जागेवरही ठरतं, आणि त्याचा नमुना म्हणजे 'गिट'. ऑफकॉम ही ब्रिटनमधली प्रसारणावर देखरेख करणारी संस्था. तिनं २०१६ साली लोकांची मतं घेऊन टीव्ही-रेडिओवरच्या आक्षेपार्ह शब्दांची प्रतवारी केली. 'गिट' आणि 'ब्लडी' दोन्ही सौम्य गटात बसले. पण ब्रिटिश संसदेत अध्यक्षांनी आजवर ज्या शब्दांना हरकत घेतली, त्यांत भित्रा, गद्दार, डुक्कर अशा अर्थाच्या शब्दांबरोबर 'गिट'ही आहे. घरातल्या टीव्हीवर जो शब्द खपतो, तोच सभागृहात मागे घ्यावा लागतो.

दुसरी पायरी: नेहमीचे शब्द, जवळून

डॅफ्ट. दक्षिण इंग्लंडमध्ये 'डाफ्ट', उत्तरेत 'डॅफ्ट'. जुन्या इंग्रजीत याचा अर्थ होता सौम्य, गरीब स्वभावाचा. तिथून तो घसरत घसरत खुळा झाला. 'सिली'चंही तेच, मुळात तो सुखी, धन्य माणसाचा शब्द. आपल्याकडे भोळा आणि भोळसट यांत जेवढं अंतर आहे, तेवढंच त्यांनी कापलं. म्हणून या दोन्ही शब्दांत अजून मायेचा ओलावा आहे. "डोंट बी डॅफ्ट" म्हणजे बहुतेक वेळा "छे, काहीतरीच काय!" तुम्ही चहाचे पैसे द्यायला पुढे झालात की हेच ऐकू येईल, आणि त्यात शिवी शोधू नये.

एपथ. आजोबांचा मला न कळलेला शब्द हाच तो. 'हाफ-पेनी-वर्थ', अर्ध्या पेनीचा माल, बोलता बोलता आकसून 'एपथ' झाला. आपल्याकडे 'दीडदमडीचा' आहेच की! पण इथे फसू नका. दीडदमडीचा म्हणताना तोंडात तुच्छता असते, डॅफ्ट एपथ म्हणताना लँकेशायर-यॉर्कशायरची म्हातारी माणसं जवळजवळ पाठीवर हात फिरवत असतात. अर्ध्या पेनीचं नाणं १९८४ साली चलनातून गेलं. शिवी अजून चालते.

मपेट. बाहुल्यांच्या 'द मपेट शो'वरून लोकप्रिय झालेला शब्द. जिम हेन्सन अमेरिकन, पण तो कार्यक्रम १९७६ ते १९८१ या काळात इंग्लंडमधल्या एल्स्ट्रीच्या स्टुडिओत तयार झाला, आणि शिवी म्हणून शब्द रुजला तो ब्रिटनमध्ये. अर्थ साधारण आपला 'चंपक'. मपेट हा स्वभाव नसतो, ती त्या क्षणाची करणी असते. सिग्नल हिरवा झाल्यावरही फोनमध्ये बघत बसलेला ड्रायव्हर मपेट. कार्यालयातल्या सगळ्यांना उत्तराची प्रत पाठवणारा मपेट. अनेकवचनात मात्र धार चढते. "रन बाय मपेट्स" असं एखाद्या खात्याबद्दल म्हटलं की ते लाडाचं राहिलेलं नाही.

नंप्टी मूळचा स्कॉटिश, आता सगळीकडे पसरलेला. मराठीत ठोंब्या. नवख्याला वापरायला सगळ्यात बिनधोक शब्द मला हाच वाटतो, कारण तो उच्चारतानाच हसू येतं.

प्लाँकर, पिलक, प्रॅट ही तिघं एकाच घरातली. प्लाँकर आणि पिलक दोन्ही मुळात पुरुषाच्या अवयवाची बोलीतली नावं, आणि प्रॅट म्हणजे सोळाव्या शतकातलं ढुंगण. विनोदी नट आपटून बसतो त्याला अजूनही 'प्रॅटफॉल' म्हणतात. पिलकचा पूर्वज 'पिलिकॉक' शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये सापडतो. आज यातलं काही कोणाच्या मनात येत नाही. प्लाँकरला घराघरांत नेलं बीबीसीच्या 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' या मालिकेनं. १९८१ साली ती सुरू झाली, आणि त्यातला थोरला भाऊ डेल बॉय धाकट्या रॉडनीला ऊठसूट प्लाँकर म्हणायचा. त्यामुळे या शब्दाला थोरल्या भावाचा सूर चिकटलाय: वैताग आहे, पण सोडून जाणार नाही. 'बावळट' इथे नेमका बसतो. प्रॅटमध्ये वेगळी छटा आहे. जो मूर्ख आहे आणि वर तोऱ्यातही आहे, तो प्रॅट. आपला दीडशहाणा आणि गाढव यांचं मिश्रण. पिलक तिघांत जड.

गिट हा मूर्खपणाचा शब्दच नाही, तो स्वभावावर जातो. 'मिझरेबल ओल्ड गिट' म्हणजे खवट म्हातारा, 'लेझी गिट' म्हणजे आळशी ठोंब. पण 'जॅमी गिट' ऐकलंत तर हसून घ्या, "नशीबवान आहे लेकाचा!" एवढंच ते. गंमत म्हणजे 'गिट' निघाला 'गेट'वरून, म्हणजे पैदा केलेलं पोर. लेकाचा आणि गिट, दोघांनी एकाच दारातून प्रवेश केलाय.

गॉर्मलेस, बार्मी, बाँकर्स ही विशेषणं. गॉर्मलेस म्हणजे चेहऱ्यावर 'वाटेल ते करा, मला कळणार नाही' असं लिहिलेला, आपला मख्ख. बार्मी आला 'बार्म'वरून, म्हणजे आंबवताना वर येणारा फेस. डोक्यात फेस झालेला, म्हणजे खुळा, तो बार्मी. बाँकर्सही तसलाच. क्रिकेट बघणाऱ्यांना हा शब्द ठाऊक आहे. इंग्लंडच्या संघामागे जगभर गात फिरणाऱ्या 'बार्मी आर्मी'चं नाव १९९४-९५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पडलं, आणि त्यांनी ते टोपीवर मिरवलं.

तिसरी पायरी: शिवीच्या आधीचा शब्द ऐका

शिवीपेक्षा तिच्या आधी काय आलं ते महत्त्वाचं. 'सिली' किंवा 'डॅफ्ट' आलं की वजन उतरतं. 'अ बिट ऑफ अ' आलं की अर्धं उतरतं, पण सावध राहा, कारण इंग्रज माणूस खरी नाराजीही याच पुडीत बांधून देतो. "ही वॉज बीइंग अ बिट ऑफ अ प्रॅट" याचा खरा अर्थ "तो अगदी नको तसा वागला." त्यातलं 'बीइंग' ऐका. 'वागत होता' म्हटलं, 'आहे' म्हटलं नाही, म्हणजे परतीचा रस्ता ठेवला.

'अ‍ॅब्सोल्यूट', 'कम्प्लीट', 'टोटल' आणि उत्तरेतलं 'राइट' वजन वाढवतात. पण अ‍ॅब्सोल्यूटची जादू निराळीच आहे. त्याच्यापुढे कुठलंही निरुपद्रवी नाम ठेवा, शिवी तयार. यू अ‍ॅब्सोल्यूट डोनट. यू अ‍ॅब्सोल्यूट स्पून. यू अ‍ॅब्सोल्यूट टीपॉट. आपण कोणाला 'भोपळा' किंवा 'शंख' म्हणतो तसंच, फक्त आपल्याकडे भाज्या आणि वस्तू ठरलेल्या आहेत, त्यांच्याकडे सगळं किराणा दुकान खुलं आहे. स्वयंपाकघरातल्या वस्तूनं शिवी दिली की ती जवळजवळ नक्की प्रेमाची असते.

'ब्लडी' आता मिठासारखा आहे, थंडीलाही लागतो, बसलाही लागतो. पण १९१४ साली लंडनच्या रंगभूमीवर शॉच्या 'पिग्मॅलियन'मधल्या एलायझानं तो उच्चारला तेव्हा केवढी खळबळ उडाली होती! याच नाटकाची पुलंनी 'ती फुलराणी' केली. मराठी माणसाला तरी हे सांगायला नको की भाषेचा दर्जा आणि माणसाचा दर्जा यांची गाठ घालणारा समाज शब्दांना कसा घाबरतो. माझा सल्ला: ब्लडी हवामानावर वापरा, माणसावर नको. 'ब्लडी फूल' भारतीय तोंडून निघालं की ते जुन्या साहेबाचं किंवा हिंदी सिनेमातल्या इन्स्पेक्टरचं वाटतं.

चौथी पायरी: कुठे आहात ते बघा

स्कॉटलंडमध्ये नंप्टीच्या जोडीला 'बॅमपॉट' आणि 'ग्लेकिट' ऐकू येतील. 'ईजिट' आयर्लंडचा, 'इडियट'च पण लोणी लावलेला. लिव्हरपूलला 'डिव्ह' आणि 'सॉफ्ट लॅड'. वेल्समध्ये 'टुप', तो शब्द थेट वेल्श भाषेतला. नॉटिंगहॅम, लेस्टर, शेफील्डकडे रुसून बसलेल्याला 'मार्डी' म्हणतात, आपली रुसूबाई.

आपल्यासाठी राखून ठेवलेला शब्द आहे 'नेश', उत्तरेतला आणि मिडलंड्समधला. थंडी न सोसणारा तो नेश. पहिल्या ऑक्टोबरात तुम्ही कानटोपी घातलीत की हे विशेषण तुम्हाला मिळणारच. मला मिळालं. त्यात वंशाबिंशाचं काही नाही, लंडनहून आलेल्या गोऱ्यालाही ते तितक्याच आनंदानं म्हणतात.

वॅझकही उत्तरेचा. त्याचा सुंदर वापर झाला तो १८ जानेवारी २०१६ रोजी. डोनाल्ड ट्रम्प यांना ब्रिटनमध्ये येऊ देऊ नये, अशा अर्जावर खासदार चर्चा करत होते. व्हिक्टोरिया अ‍ॅटकिन्स या खासदारबाईंनी त्यांना थेट काही म्हटलं नाही. माझ्या मतदारसंघातल्या एखाद्या पबमध्ये ते आले, तर तिथले लोक कदाचित त्यांना वॅझक म्हणतील, असं त्या म्हणाल्या. बारकावे बघा. 'जर', 'कदाचित', दुसऱ्याचं तोंड, आणि पबची ऊबदार जागा. शिवी पोचली, आणि देणाऱ्याचे हात कोरडे. उत्तम सौम्य शिवी अशी द्यायची असते.

पाचवी पायरी: खड्डे

इथे थांबून वाचा. बाकी सगळं चुकलं तर हसण्यावारी जाईल, हे जाणार नाही.

पहिला खड्डा ध्वनीचा. ट्विट आणि ट्वॅट यांत एका स्वराचा फरक आहे. पहिला शाळकरी, दुसरा स्त्रीच्या अवयवाचा. कवी रॉबर्ट ब्राउनिंगनं १८४१ साली 'पिपा पासेस' या काव्यनाट्यात हा दुसरा शब्द जोगिणीच्या डोक्यावरच्या वस्त्राचं नाव समजून घातला. जुन्या मजकुरात वाचला आणि संदर्भावरून अंदाज बांधला. एवढा मोठा कवी, जन्मानं इंग्रज, तोही पडला, तर आपण अंदाजानं शब्द उचलू नयेत. २००९ साली डेव्हिड कॅमेरून यांनी रेडिओवर ट्विटरवरून कोटी करताना हाच शब्द वापरला आणि नंतर दिलगिरी व्यक्त केली. ते तेव्हा विरोधी पक्षनेते होते, पुढे पंतप्रधान झाले.

दुसरा खड्डा झाकलेला. 'बर्क' अगदी साधा वाटतो, आजीसुद्धा म्हणतात. पण तो लंडनच्या यमकी बोलीतला आहे. त्या बोलीत मूळ शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारे दोन शब्द घ्यायचे, आणि यमकाचा भाग गाळून उरलेला वापरायचा. 'यूज युअर लोफ' म्हणजे डोकं वापर, कारण 'लोफ ऑफ ब्रेड'मधल्या ब्रेडचं यमक हेडशी जुळतं. बर्क निघाला 'बर्कली हंट'वरून, आणि हंटचं यमक ज्याच्याशी जुळतं तो इंग्रजीतला सगळ्यात जड शब्द. वापरणाऱ्या बहुतेकांना हे माहीतच नसतं, म्हणून बर्क सौम्य राहिला. ज्याला माहीत आहे असा माणूस समोर नसेल याची खात्री आपल्याला नसते, तेव्हा माझ्या यादीत तो फक्त ऐकण्यापुरता.

तिसरा, आजारावरून आणि अपंगत्वावरून आलेले शब्द. 'स्पॅझ' ऐकायला डिव्हइतकाच हलका. तो 'स्पॅस्टिक'वरून आला, सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठीच्या वैद्यकीय शब्दावरून. शाळांच्या मैदानांवर त्याची इतकी शिवी झाली की त्या लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेला १९९४ साली 'स्पॅस्टिक्स सोसायटी' हे स्वतःचं नाव बदलून 'स्कोप' करावं लागलं. हा शब्द आणि त्याचे भाऊबंद कधीच नकोत.

चौथा वर्गाचा. 'चॅव्ह', 'ओइक', 'प्लेब' हे गरिबी किंवा खालचा वर्ग दाखवणारे शब्द. २०१२ साली डाउनिंग स्ट्रीटच्या फाटकातून सायकल नेण्यावरून पोलिसांशी झालेल्या वादात 'प्लेब' म्हटल्याच्या आरोपामुळे सत्ताधारी पक्षाचे मुख्य प्रतोद अँड्र्यू मिचेल यांना पद सोडावं लागलं. तो शब्द वापरल्याचं त्यांनी नाकारलं, पण २०१४ साली न्यायालयाचा निकाल त्यांच्या विरोधात गेला. त्या प्रसंगात शिवराळ शब्दही आला होता. तो त्यांनी मान्य केला आणि माफीही मागितली. देशभर गाजला मात्र प्लेबच. आपल्याकडे आईबहिणीवरून दिलेली शिवी एकवेळ विसरली जाते, पण जातीवरून काढलेला शब्द विसरला जात नाही, विसरला जाऊही नये. तोलून बघायला हीच तुलना पुरे.

बायकांना 'सिली काऊ', 'मूडी काऊ' म्हणतात, पुरुषाला हिणवायला 'बिग गर्ल्स ब्लाउज'. २०१९ साली बोरिस जॉन्सन यांनी भर संसदेत विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांना उद्देशून हा ब्लाउजवालाच शब्दप्रयोग वापरला आणि त्यावर टीका झाली. हे शब्द टीव्हीवर चालतात, पण नवख्यानं हात लावायचं कारण नाही.

आणि शेवटचा खड्डा आपला स्वतःचा. भारतात क्रिकेटच्या गप्पांत 'पाकी' हे पाकिस्तानीचं लघुरूप म्हणून सर्रास वापरतात. ब्रिटनमध्ये ती उघड वांशिक शिवी आहे. ती सगळ्या दक्षिण आशियाई लोकांना दिली गेली, मारहाणीच्या आधी दिली गेली. गंमत म्हणूनही उच्चारू नका. तुम्हाला कोणी म्हणालं, तर 'बँटर' आहे, मजा आहे, हे ऐकून घेऊ नका. कामाच्या जागी वंशावरून केलेली अशी वागणूक २०१० च्या समानता कायद्याखाली छळ ठरू शकते. तारीख, वेळ, शब्द आणि आजूबाजूला कोण होतं ते त्याच दिवशी लिहून ठेवा.

सहावी पायरी: तोंड उघडायचं कसं

पहिले सहा महिने फक्त स्वतःला नावं ठेवा. "सॉरी, आय अ‍ॅम सच अ मपेट." चावी विसरलात, मीटिंगमध्ये माइक बंद ठेवून बोललात, की हे वाक्य. इंग्रजांना स्वतःवर हसणारा माणूस आवडतो, आणि तुमचा उच्चार, सूर, वेळ सगळं इथे फुकटात तपासून मिळतं. मी पिशवीच्या प्रसंगानंतर हेच केलं.

मग निर्जीव वस्तू. प्रिंटरला डॅफ्ट म्हणा, लिफ्टला म्हणा. नंतर हजर नसलेला आणि अनोळखी: आडवी गाडी लावून गेलेला मपेट. त्यानंतरच, आणि समोरच्यानं तुम्हाला दोन-चारदा म्हटलं असेल तरच, समोरचा माणूस. तेही नंप्टी किंवा डोनटपासून सुरुवात.

वरिष्ठांना कधीच नाही, त्यांनी तुम्हाला म्हटलं तरी. हाताखालच्यालाही नाही, तिथे गंमत फक्त तुम्हाला वाटते. लेखी तर नकोच. ईमेलमध्ये सूर जात नाही, आणि या शब्दांचं सगळं भांडवल सूर आहे. आणि समोरचा खरोखर चुकून ओशाळला असेल, त्याचं काही नुकसान झालं असेल, तेव्हा गप्प. आजोबा मला एपथ म्हणाले ते पिशवी वेळेत परत आली म्हणून. ती औषधं त्यांनी घेतली असती तर हा शब्द आला नसता, तक्रारीचा अर्ज आला असता.

उत्तर काय द्यायचं? स्पष्टीकरण देऊ नका, ही आपली पहिली ओढ असते: "नाही नाही, त्याचं काय झालं..." त्यानं खेळ मोडतो. "गिल्टी!" म्हणा, किंवा भुवया उंचावून "चार्मिंग!" म्हणा, म्हणजे "वा, काय गोड बोलता!" "ओय!" एवढंही पुरतं. खरंच लागलं असेल तर हसू नका. शांतपणे "आय वुड रादर यू डिडन्ट कॉल मी दॅट" म्हणा. सभ्य माणूस तिथल्या तिथे थांबतो. जो थांबत नाही, त्याचा शब्द कुठल्याही ढिगातला असला तरी तो सौम्य नव्हता.

सातवी पायरी: ज्यात शिवीच नाही ती शिवी

खरी धार इथे आहे, आणि सदाशिव पेठेत वाढलेल्यांना शिकवण्याची गरज नाही. १९७८ साली संसदेत विरोधी बाकांवरच्या जेफ्री हाऊ यांनी अर्थमंत्री डेनिस हीली यांच्यावर टीका केली. हीली म्हणाले, हा हल्ला म्हणजे मेलेल्या मेंढरानं लचका तोडल्यासारखं आहे. एकही असभ्य शब्द नाही, पण हाऊ यांना हे मेंढरू जन्मभर पुरलं.

'चॉकलेटची किटली जेवढी उपयोगी तेवढा हा उपयोगी', 'याच्या सहलीच्या डब्यात एक सँडविच कमी आहे' असल्या घडवलेल्या उपमा रोजच्या बोलण्यात असतात. त्या ऐकायला मौज आहे. पण कान द्यायचा तो गोड वाक्यांना. "विथ रिस्पेक्ट" म्हणजे आता मी तुमचं म्हणणं खोडणार. "दॅट्स अ ब्रेव्ह डिसिजन" म्हणजे बुडणार आहेस. "ब्लेस हिम" म्हणजे बिचारा, त्याच्याकडून अपेक्षा नाही. आणि "हाऊ इंटरेस्टिंग", त्यानंतर कोणी प्रश्न विचारला नाही, तर कपाटं जुन्या पद्धतीनं लावायला घ्या.

एक शब्द आपल्या घरचा

'डूलॅली'. भर मधल्या अक्षरावर. "ही हॅज गॉन डूलॅली" म्हणजे त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीचा. मुदत संपलेले गोरे सैनिक मुंबईहून घरी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत देवळालीच्या छावणीत थांबायचे. जहाजं ठरावीक मोसमातच सुटत, त्यामुळे काहींना महिनोन्महिने बसून राहावं लागे. काम नाही, ऊन, दारू, मलेरिया. त्यातून जो भ्रमिष्टासारखा वागू लागे त्याला 'डूलॅली टॅप' झाला म्हणत. टॅप म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळला आणि देवळाली उरली.

मी नाशिक रोडची. कॉलेजला असताना देवळाली कॅम्पची बस रोज पकडायची. म्हणून हा शब्द पहिल्यांदा कानावर आला तेव्हा मी तो उत्साहानं सगळ्यांना समजावून सांगत सुटले, आणि गप्पा सुरू करायला तो खरंच छान आहे. पण शब्द हलका असला तरी तो कोणाबद्दल आहे ते आधी ऐकावं लागतं. एकदा नेहमीच्या आजी नवऱ्याच्या गोळ्या न्यायला आल्या आणि म्हणाल्या, "ही इज गोइंग अ बिट डूलॅली, लव्ह." चिठ्ठीवर स्मृतिभ्रंशाचं औषध होतं. पन्नास वर्षांच्या संसारातल्या माणसाबद्दल याहून जड शब्द त्यांना उच्चारायचा नव्हता. मी गोळ्या कशा द्यायच्या ते सांगितलं. मग त्याच थांबल्या, घाई नव्हती त्यांना, तेव्हा म्हटलं की डूलॅली हे गाव आहे, माझ्या घराजवळचं.

"हवा कशी आहे तिथली?" त्यांनी विचारलं.

चांगली आहे, म्हटलं. पूर्वी लोक हवापालटाला यायचे, आरोग्यधामं होती.

"मग त्याला सांगते," असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली, आणि निघण्याआधी तिच्यावरचं नाव दोनदा वाचून बघितलं.